लार्टरचा खड्डा

नकाशात याला नाव नाही.
गावात आहे: लार्टरचा खड्डा.
नॉरफोकच्या या सपाट रानात
चर्चचा मनोरा सोडला तर नजर अडवायला काही नाही,
तिथे हे वाडगाभर पाणी.

तळं म्हणून कुणी खोदलंच नव्हतं.
इनॉक लार्टर, त्याचे दोन भाऊ,
दोन हिवाळे, आणि एका डोळ्याने आंधळी घोडी.
खालची चुन्याची माती उपसून
आंबट शेतांवर पसरली, गहू धरावा म्हणून.
माती गेली, खड्डा उरला.
पाणी न बोलावता आलं
आणि जायचं नावच घेईना.

पुढे गुरं प्यायली. बैलांचा नव्हे, घोड्यांचा मुलूख हा;
गाड्यांची लाकडी चाकं आत उभी करून ठेवत,
उन्हाळ्यात आरे ढिले पडू नयेत म्हणून.
एका जानेवारीत बर्फ फुटला.
एडिथ थर्टल वाचली, बूट बुडाला.
नव्वदीतही ती ठणकावून सांगायची,
"माझा डावा बूट तिथे आहे,"
सातबाऱ्यावर नाव असल्यासारखं.

चौसष्ट साली माझ्या वडिलांनी ते बुजवलं.
झुडपांची कुंपणं मुळासकट उपटून आत लोटली,
वर बाटल्या, विटा, आजोबांच्या पलंगाचा सांगाडा.
नांगर फिरला. चार शेतांचं एक झालं.
फक्त तेवढ्या जागी बार्ली
आठवडाभर उशिरा पिवळी व्हायची
आणि ट्रॅक्टर रुतायचा.
वडील मोठ्याने शिवी हासडायचे, "मेला लार्टर!"
शिवीत का होईना, नाव टिकलं.

गेल्या ऑक्टोबरात मी ते उकरायला घेतलं.
खोदयंत्रावर लिथुआनियाचा रिमास.
दीड माणूस खोल गेल्यावर त्याने यंत्र बंद केलं,
खाली उतरला, मूठभर काळा गाळ हुंगला.
"हा तळ," म्हणाला. "याच्याखाली नको."
त्याच्या आजोळीही असंच एक होतं म्हणे.
पुढे काही बोलला नाही. डबा उघडून जेवला.

पलंग मिळाला. बूट नाही.

मे महिन्यात पाण्याखाली हिरवं काही हललं.
कुणी पेरलं नव्हतं.
साठ वर्षं बार्लीच्या मुळांखाली
अंधारात दम धरून बसलेलं बी.
मी गुडघ्यांवर बसून बघत राहिले,
पाठीमागे कुत्रा कंटाळून भुंकत होता.

काउन्टीच्या कचेरीतून अर्ज आलाय.
लांबी, रुंदी, खोली भरली.
"तळ्याचं वय" हा रकाना
अजून कोराच आहे.