बईस्त

सतरा नंबरच्या फॉर्मवर
वरच्या कोपऱ्यात छापलेलं असतं: बहिःस्थ.
कवडाबाई टेकाम, वय सत्तेचाळीस,
बोट ठेवून म्हणाली, "हे काय लेहलं सर?"
बाहेर राहणारा, मी म्हणालो,
शाळेच्या पटावर नाही, पण परीक्षेला आहे असा.
"हाव. म्हंजे आखरावरचा."

आखर म्हणजे आमच्याकडे
गाव संपतं तिथली मोकळी जागा.
सकाळी ढोरं जमतात तिथे,
ढोरकी येईपर्यंत उभी राहतात.
तिचा नवरा ढोरकी होता.

विसर्ग तिच्या तोंडात बसेना.
बईस्त, बईस्त घोकत गेली
आणि आठवड्यात शब्द गावभर सुटला.
धुऱ्यावर न पेरता उगवलेली तूर, बईस्त.
शेजारच्या कोठ्यात अंडी घालणारी कोंबडी.
कुठल्याच आयटीआयची पायरी न चढता
तीन गावांच्या मोटरी बांधणारा शब्बीर.
चार दिवस चुलीपासून दूर बसलेली सून
पूर्वी 'बाहेरची' असायची.
आता सासूच म्हणते, "तिले पाणी नोको मागू,
ते बईस्त हाये."
सून हसली म्हणे.
बसायची जागा तीच, पोतं तेच.

एकदा मात्र मला हसू आलं नाही.
हातपंपावर पाय धुताना तिनं विचारलं,
"सर, तुमचं नाव मस्टरवर हाये का?"
मी तासिकेवर. मे महिन्यात शून्य.
स्टाफरूममधली माझी खुर्चीसुद्धा
प्रयोगशाळेची, पाठीवर तसं लिहिलेलं.
"नाही," म्हणालो.
तिनं पुढे काही विचारलं नाही,
ओच्यातली मूठभर बोरं दिली.

मार्चमध्ये वर्ग भरले,
तिचा बाक व्हरांड्यात लागला.
भूमितीच्या दिवशी वाऱ्यानं पुरवणी उडाली,
पटांगणभर धावली ती तिच्यामागे,
लुगडं खोचून, घंटा वाजेपर्यंत.
गणित गेलं.
मराठीत एकाहत्तर.
"जुलैत पुन्हा भरू?"
"भरा ना. मी काय कुठं जाऊन राहिली?"

काल तिचा नवा फॉर्म काढून आणला.
आम्हाला शिकवलं होतं,
विसर्ग म्हणजे सोडलेला श्वास.
स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं.
खिडकीपलीकडे आखरावर धूळ,
ढोरं निघून गेलेली.
कोपऱ्यातला शब्द मोठ्यानं वाचून पाहिला.
बईस्त,
असाच निघाला.