अकरा मिलिसेकंद

शनिवारी अंबड बंद, म्हणून व्होल्टेज टिकतं.
सिडकोतल्या खोलीत
कपाटाला गादी टेकवून मी बसतो.
सहावी तार इतकी उतरवलेली
की गाते कमी, गुरगुरते जास्त.

हेडफोनमध्ये भिंत कोसळते.
बाहेर ऐकू येते फक्त खरखर,
बायकोच्या मते, खिसणीवर गाजर.
"झालं का तुझं? कुकर लावायचाय."
तिसऱ्या टेकमध्ये शिट्टी आली आहे.
ठेवली.

ड्रम मी माउसने भरतो.
एकेक चौकोन. डबल बेसचे सोळा,
पुन्हा सोळा. यंत्र दमत नाही,
मधेच उठून मिसळीला जाऊ म्हणत नाही.
सगळं जागच्या जागी,
प्रेसखाली पत्रा कापावा तसं.
आठ तास तेच ऐकून येतो मी.

पगारे स्नेअरवर कायम उशिरा यायचा.
किती भांडलो त्यावरून
पाथर्डी फाट्याच्या गाळ्यात, शटर ओढून.
आता तो होसूरला. किट विकलं.
झांजा तेवढ्या त्याच्या आईकडे,
जुन्या साडीत गुंडाळून, पलंगाखाली.

परवा मोबाइलवर एक क्लिप सापडली.
मोजलं.
अकरा मिलिसेकंद. दर वेळी तेवढेच.
म्हणजे चूक नव्हतीच ती.

रात्री दोनपर्यंत एकेक स्नेअर धरून
उजवीकडे सरकवला,
तीनशे बारा वेळा.

मग पहिल्यापासून लावलं,
गिटार घेतली,
आणि दुसऱ्याच ओळीला, जुन्या सवयीनं,
रागानं मागे वळून पाहिलं
गादीकडे.