खुंटीवर शिसं

आज पहिल्यांदाच एप्रन खुंटीवर राहिला.
पाच किलो शिसं, निळं कापड, काखेत उसवलेलं.
रास्ता पेठेतल्या या थंड खोलीत
एकोणीस वर्षं मी त्याच्या आत उभी होते.
खांदे अजून त्याला धरूनच वाकलेत.

टेबलावर ढमढेरे. जागे. जांघेपुरते बधिर.
महापालिकेत चावीवाले होते;
पहाटे चारला नाना पेठेचं पाणी सोडायचे,
मग सायकल मारत भवानी पेठ.
आता डाव्या मांडीत कुठंतरी त्यांचंच अडलंय.

"दिसतंय का बाई, कुठं ते?"

इतकी वर्षं याचं उत्तर माझ्या पायात होतं.
पेडल दाबायचं. पडद्यावर काळ्या फांद्या,
सोडलं की विझल्या. पुन्हा दाबायचं.
(मुक्ताच्या वेळी सात महिने
मला फायलींच्या खोलीत बसवलं होतं.
छातीवरचा बिल्ला तेवढा ड्रॉवरमध्ये, कोरा.)

आज तांबोळी मॅडमच्या बोटांत एक तार,
तारेच्या पोटात केसाएवढी काच.
काचेतून उजेड जातो,
जिथं तार वळते तिथून
जरासा बदलून माघारी येतो.
तेवढ्यावरून कळतं: इथं वाक, इथं भिंत.
कालच्या नकाशावर हिरवी रेघ सरकते.
माझा पाय दोनदा हवेत जाऊन परत येतो.

ढमढेऱ्यांना हे सांगितलं, जमेल तसं.
"म्हणजे आमच्यासारखंच की.
दर वेळी रस्ता कोण खणतंय?
दांडीचं एक टोक पाइपावर,
एक कानामागच्या हाडाला.
डोळे मिटायचे. लोखंड बोलतं."

रेघ थांबली. मॅडमही थांबल्या.
मॉनिटरची टिकटिक तेवढी.
मग मनगट किंचित फिरवलं
आणि रेघ पलीकडे गेली.

"फुगा," मॅडम म्हणाल्या.
"दमानं हं," टेबलावरून आवाज आला,
"जुन्या लाइनीला एकदम प्रेशर देत नाहीत."
मास्कआड कोण हसलं कळलं नाही.
फुगा मात्र दमानंच फुगला.

शेवटी एक फोटो लागलाच, खात्रीसाठी. एकच.
मी धावत जाऊन शिसं चढवलं,
पेडल दाबलं, सोडलं.
"खात्री करावीच," ढमढेरे म्हणाले,
"आम्हीपण शेवटच्या घरचा नळ उघडून बघायचो."

मग चादर सारून
मी त्यांचा अंगठा हातात धरला.
थोडा वेळ गार.
थोडा वेळ माझाच हात गार आहे, असं वाटलं.