एका माणसापुरता कागद

डॉन एलेउतेरिओ मान्सिया पहिल्यांदा आले
तेव्हा खुर्चीच्या काठावर बसले,
उठायची वेळ झालीच आहे असे.
उजवा खांदा कानाशी कुजबुजायला गेलेला.
म्हणाले, "योगबिग जमायचा नाही मला, बाई.
हा हात फक्त वर जायला हवा.
साखरेची बरणी वरच्या फळीवर आहे."

मी बरणी लिहून घेतली.
मग विचारलं : झोप? पोट? जेवता कुणाबरोबर?
दिवसाला जिने किती चढता?
यावर ते हसले.
वाल्पाराइसोत हे कुणी विचारतं का!
एकतीस वर्षं त्यांनी टेकडीवरची लिफ्ट चालवली,
वरच्या ठाण्यात, दांड्यावर हात ठेवून.
एक डबा चढतो तेव्हा दुसरा उतरतो,
दोघांना एकच दोर.

कागदावर मी एक काडीमाणूस काढला,
खुर्चीत बसलेला.
श्वास घेताना हात वर,
सोडताना खाली.
सहा वेळा. बस्स.

शेजारच्या ओतिलियाबाईंनी तोच कागद मागितला,
त्यांचंही दुखणं खांद्याचंच.
मी दिला नाही.
दुसऱ्याच्या चष्म्यातून
आपलं पत्र वाचता येतं का?
त्या रागावून जिना उतरल्या.

तीन आठवडे हात तिथल्या तिथे.
चूक माझीच, मी खांदा बघत होते.
चौथ्या सोमवारी खांद्याचा नाद सोडला,
डोळे मिटले, नुसती ऐकत बसले.
श्वास आत जायचा, पार वरपर्यंत,
आणि तिथेच उभा राहायचा.
थांबा, असं मी सांगितलं नव्हतं.
मग एकदम धाडकन खाली.

"कशाची वाट बघता?"
"मी? छे."
खाली बंदरात कुणीतरी कंटेनर आपटले.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"खालच्या ठाण्यात नोल्बेर्तो असायचा.
नाणी घ्यायचा, दार लावायचा, घंटा द्यायचा.
दोन टोल.
ते ऐकल्याशिवाय दांडा सोडायचा नाही,
नियमच होता तसा."

लिफ्ट बंद पडून गंजली.
नोल्बेर्तोला जाऊन दोन हिवाळे झाले.

जुना कागद मी फाडला नाही,
आडवी रेघ मारली.
खाली लिहिलं : हात नको. आधी श्वास सोडा.
सोडताना मोठ्यानं मोजा.
उतरलेला डबाच दुसऱ्याला वर ओढतो,
हे मी तुम्हाला शिकवायचं
की तुम्ही मला?
रात्रीची दुसरी कॉफी बंद.
रविवारी भावाकडे जेवायला जाणे,
हेही लिहिलं, त्याच शाईनं.

परवा आले.
म्हणाले, आकडे नाही मोजत मी,
सोडताना टण म्हणतो, मग परत टण.
चालेल ना?
बरणीचं विचारलं तर म्हणाले,
"ती खालच्या फळीवर घेतली.
तुमची वाट कोण बघत बसणार?"

खुंटीवरची टोपी अजून डाव्याच हातानं काढली.
खांदा मात्र कानापासून
दोन बोटं उतरला होता.

दाराबाहेर ओतिलियाबाई.
मी कोरा कागद घेतला.
"झोप कशी लागते?"
"तुला काय करायचंय?" त्या म्हणाल्या.

मी तेही लिहून घेतलं.