निकालाचा रकाना

उम्म अल कुवैनच्या खाडीमागे सपाट खारट जमीन आहे.
तिकडे तिला सबखा म्हणतात, आमच्याकडे खाजण.
तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये
पान्हा फडक्यात गुंडाळून धरत
मी अकरा वर्षं रिव्हेटा ठोकल्या
न उडणाऱ्या विमानांना.

पहिल्याचा पंख गोल, बांगडीसारखा,
माणूस मधोमध.
कुंजुमोन त्याला पिंप म्हणायचा.
ते सुटलं, आणि स्वतःभोवतीच फिरत राहिलं,
किल्ली कुठे ठेवली ते विसरलेल्या माणसासारखं.
दुसऱ्याचं शेपूट पुढे.
तिसऱ्याला नऊ पट्ट्यांचे पंख, झडपांच्या खिडकीगत;
वारा आत आला, चहा न घेता गेला.
चौथं पंख हलवायचं.
त्याविषयी कुंजुमोनला विचारा,
त्याच्या डाव्या हाताला चारच बोटं आहेत.

मालक उबैद खलफान. आजा त्याचा मोत्यांसाठी बुड्या मारायचा.
"रिकाम्या शिंपल्यावर कोणी रागावतं का?" म्हणायचा,
आणि पगार एक तारखेला.
निळ्या वहीत रकाने होते: तारीख, वारा, वजन, निकाल.
निकाल मी मराठीत लिहायचो,
वाचणारं तसंही कोणी नव्हतं.
उडालं नाही.
उडालं नाही.
दीड हात. मग नाही.

हर्णैला झुलेखा सांगत सुटली होती,
आमचे हे विमानं बनवतात.
शेजारच्या दाऊदचाचाने फोनवर विचारलं,
तुझ्या विमानाचं तिकीट केवढ्याला रे?
म्हटलं, चाचा, आमची अजून लाईनीवर आलेली नाहीत.

सातव्याला उबैदने आमद खारव्याला आणलं,
मांडवीचा म्हातारा, जन्मभर गलबतं बांधलेला.
फासळ्या सागवानी. सांध्यांत कापूस आणि तेल.
हाताला एकच वळण ठाऊक, पाण्याचं.
वजन दुप्पट भरलं. उबैद काही बोलला नाही,
पंखाखालून नुसता तळवा फिरवत राहिला.

ते शंभर पावलं धावलं
आणि पापुद्रा फोडून चाकांसकट रुतलं.
उद्या काढू, म्हणालो.

रात्री शमाल सुटला, वर उधाणाची भरती.
सकाळी जागेवर दोन चर, पाण्याने भरलेले.
बाकी काही नाही.

दुपारी सापडलं तिवरांत,
जरासं कलतं, ऐटीत.
भोवती रोहित पक्षी चिखल चाळत होते,
आणि उजव्या पंखावर एक पाणकावळा
आपले पंख वाळत घालून बसला होता.
आमदने आत हात घातला, बाहेर काढून दाखवला: कोरडा.
उबैद कंदुरा खोचून गुडघाभर पाण्यात
इतका हसला की पाणकावळा उठला
आणि सरळ
उडून गेला.

वही उघडली. "उडालं" इथवर सवयीने लिहिलं गेलं,
मग पेन अडलं.
रकाना बोटभर रुंद. त्यात काय काय मावणार?
तो शब्द तसाच अर्धा आहे अजून, खोडलेला नाही.

शेड मोडली त्या वर्षी मी घरी निघालो,
साध्या, उडणाऱ्या विमानातून.
खिडकी पंखावरची मिळाली.
धावलं, उठलं. कोणी टाळी वाजवली नाही.
मी रिव्हेटांची ओळ मोजत होतो.
एकेचाळिसावी किंचित तिरकी होती.
कोणाची तरी दुपार होती ती,
घामाची, पत्र्याखालची.
समुद्र येईस्तोवर
मी तिच्याकडेच बघत होतो.