सीसॉ बंद आहे

वीस रुपये माणशी, गाडीचे वेगळे.
खिडकीतल्या पोरानं विचारलं, दुर्बीण भाड्यानं पाहिजे का?
शाहेदानं पर्समधून मुलाची जुनी काढून दाखवली,
एका बाजूची काच तडकलेली.

पाथरीहून आम्ही रोहित बघायला आलो होतो.
"ते गेले," हैबती म्हणाला, "शिवरात झाली की जातेत.
चार दिस आधी यायचं व्हतं."
खाकी सदऱ्यावर 'पक्षीमित्र' शिवलेलं,
तळहातांवर जाळं ओढल्याचे वळ.
लॉनकडं बोट केलं: "इथं मपल्या आज्याची टरबुजं व्हती,"
आणि चप्पल हातात घेऊन लॉनवरून चालला.

गंगा पार तळाला गेलेली,
बंधाऱ्याच्या दारांखाली एक ओली रेघ तेवढी.
रेघेत शेकाटे, गुलाबी काड्यांवर उभे.
बेशरमीच्या झुडपावर पाणकावळा,
वाळत घातलेलं धुणं, दोरीशिवाय.
तडकलेल्या काचेतून
मला प्रत्येक पक्षी दोनदा दिसत होता.
मी तक्रार केली नाही.

मग मुलांच्या खेळण्यांपाशी कालवा.
सीसॉ सुंभानं बांधलेला,
पुठ्ठ्यावर कोळशानं: बंद आहे.
का, ते लिहिलेलं नाही.
उचललेल्या फळीच्या सावलीत, खडीत,
चार अंडी.
दाखवली नसती तर खडीच.

टिटवी आमच्या डोक्यांवर किंचाळत फिरत होती.
ती घरावरून ओरडली की माझी आई
उंबऱ्यावर तांब्याभर पाणी ओतायची;
शाहेदाची अम्मी मीठ घ्यायची मुठीत.
दोघींना इथं आणायला हवं होतं,
कोण कुणाला भितंय ते बघायला.

"उंचावर घातली तर पाऊस बरा," हैबती म्हणाला,
"खोलात घातली तर कोरडं."
आणि सीसॉखाली घातली तर?
तो हसला. मग हसायचा थांबला.
"ते तर ताई, कोण कोणत्या टोकाला बसतंय त्याच्यावर."

गर्दी पांगली, आइस्क्रीमच्या गाडीकडं.
एक पोरगा रांगेत तसाच उभा,
पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही.
किती दिवस?
"सव्वीस धर."

त्यानं आपली बोटं मोजली. संपली.
शाहेदानं दोन्ही पंजे पुढं केले,
तीही संपली.
मग तो माझ्याकडं वळला.