पोटात गळ

फेलिम मॅकगर्न म्हणतो, ऑगस्टात गोगलगायींना
प्रवासाची हुक्की येते.
तळ सोडून वर येतात,
पाण्याच्या सालीला पाय चिकटवून
उलट्या लोंबत राहतात, वारा नेईल तिकडे.
अशा संध्याकाळी मेल्विन सरोवरातला मासा
दुसरं काही तोंडात धरत नाही.

तीस वर्षं त्याने परक्यांसाठी होडी वल्हवली,
परक्यांच्या टोपीत माश्या बांधून खोचल्या.
आता चहात साखर घालताना
अर्धी टेबलावर सांडते.
म्हणून मंगळवारी, पोस्टाचं शटर ओढून,
मी येऊन बसते त्याचे हात म्हणून.

बारा नंबरचा गळ चिमट्यात आवळ.
काळा दोरा, मेण चोळलेला.
बूच घे. पुतणीच्या लग्नातल्या बाटलीचं,
लग्न मोडलं, बूच चांगलं आहे.
ब्लेडने कोर. खाली निमुळतं, वर सपाट.
टेबलासारखं नाही गं,
तळव्यासारखं सपाट.

मग मोरपिसाचे चार तंतू, एकाला एक लावून गुंडाळ.
(लीट्रिममध्ये कुठला मोर.
पीस पाकिटातून येतं, डोळा आधीच कापलेला.)
शेवाळी हिरवं दिसतं,
गळ फिरवला की तांब्यासारखं.
शेवटी कोंबडीच्या मानेचं तपकिरी पीस, दोनच वेढे.
तिसरा दिलास तर कोळी होईल.

गिलारू म्हणतात इथे त्या माशाला,
म्हणजे तांबडा पोरगा.
जठर कोंबडीसारखं जाड.
मेलेल्याचं पोट फेलिमने एकदा
माझ्या अंगठ्याने दाबायला लावलं होतं.
आत शंख करकरले,
कुणाच्या तरी खिशातली चिल्लर वाजावी तसे.
तेव्हापासून मी मासा खात नाही. बांधते मात्र.

गोगलगाय खरी,
पण हिच्या पोटात पाय नाहीत.

पारख पाण्याच्या ग्लासात.
पहिली बुडाली. खडा, म्हणाला.
दुसरी कुशीवर पडली. प्यायलेली.
तिसरीचा दोरा सुटला,
चौथीला माझं रक्त लागलं,
ती त्याने न बघताच बाजूला ठेवली.
पाचवी तरंगली.
तळवा वर, शंख खाली, गळ अंधारात.

त्याने दोन्ही हातांनी ग्लास उचलला
आणि डोक्यावर धरला, स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली,
मान मागे टाकून,
तोंड किंचित उघडं.
असं दिसतं त्याला, म्हणाला.
खालून.

पाणी हिंदकळत होतं.
एक थेंब चष्म्यावर पडला.
मी ग्लासला हात लावायला उठले.
नको, म्हणाला, बस.
लाटा आहेत. पडेल वारा.

मी बसले.
बाहेर खरं तर पानही हलत नव्हतं.